सूरसागराकाठची शाळा

आमच्या धर्मग्रामातील जुन्या मराठी शाळेचे काय करावे, हा विषय गेली तीन वर्षे पॅरिश कौन्सिलच्या प्रत्येक सभेत निघत असे आणि प्रत्येक सभेत तो पुढच्या सभेवर ढकलला जात असे. शाळा म्हणजे काय, तर दोन खोल्या, पुढे पडवी, वर मंगलोरी कौले आणि पडवीच्या तुळईला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा. तोच शाळेची घंटा. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूस गिरण्या, कारखाने आणि रेल्वे यांच्या आधाराने जी कुटुंबे येऊन राहिली, त्यांच्या मुलांनी या दोन खोल्यांत मुळाक्षरे गिरवली. पुढे इंग्रजी माध्यमाचे दिवस आले. पट वर्षागणिक घटत गेला, आणि एका जूनमध्ये शाळेला कुलूप लागले ते लागलेच. त्यानंतर तेथे नाताळच्या गव्हाणीचे सामान, सणाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या यांचा संसार सुरू झाला.

कौन्सिलमध्ये मते अनेक होती. बहुतेकांचा कल असा की, जुनी शाळा पाडावी आणि त्या जागी लग्नसमारंभासाठी एक चांगला हॉल बांधावा. भाडे येईल, देवळाच्या दुरुस्तीची काळजी मिटेल. काही वृद्ध मंडळी म्हणत, “फादर, शाळा आहे तशीच ठेवा, आमच्या आठवणी आहेत.” तरुणांचा एक गट म्हणे की, तेथे नाटक-गाण्यासाठी रंगमंच करावा. खरे सांगायचे तर आमचे स्वतःचे मन हॉलकडे झुकले होते. धर्मगुरूला प्रवचनाची तयारी करावी लागते तशी विजेच्या बिलाचीही करावी लागते, हे ज्यांनी धर्मग्राम चालवला आहे त्यांना सांगायला नको.

तरीही सही करताना आमचा हात अडत असे. त्याला कारण होते, आणि ते आम्ही आजवर कोणाला सांगितले नव्हते.

सेमिनरीतून बाहेर पडल्यावर, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, आम्ही एका लहान धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून गेलो. तेथेही अशीच एक बंद पडलेली शाळा होती. तिच्या एका खोलीत एक निवृत्त मास्तर दर शनिवारी संध्याकाळी मुलांना गाणे शिकवीत. जुनी पायपेटी, आवाज थोडा फाटलेला. पण उपवासकाळातील गीतांच्या ज्या चाली त्यांच्यापाशी होत्या, त्या त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेल्या होत्या. त्या कोठे छापलेल्या नव्हत्या. मास्तरांच्या वह्यांत शब्द होते. चाल मास्तरांच्या गळ्यात होती. आम्ही तरुण होतो, नव्या कल्पनांनी भरलेलो होतो. त्या शाळेचे सभागृह करण्याचे काम प्रमुख धर्मगुरूंनी आमच्यावर सोपवले, आणि आम्ही ते मोठ्या उत्साहाने केले. मधली भिंत पाडली, बाके विकली, फरशी घातली. मास्तर एकदा येऊन म्हणाले, “फादर, त्या कपाटातल्या वह्या तेवढ्या मला काढून घ्यायच्या आहेत.” आम्ही म्हणालो, “मास्तर, सोमवारी या.” सोमवारी ते आले तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी कपाट भंगारवाल्याला देऊन टाकले होते. मास्तर काही बोलले नाहीत. रिकाम्या खोलीत थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

सभागृह सुरेख झाले. शनिवारचा वर्ग मात्र पुन्हा भरला नाही. शनिवारी तेथे लग्नाचे स्वागतसमारंभ असत. काही वर्षांनी मास्तर वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेला त्यांच्याच चालीवरचे गीत म्हणावे असे आमच्या मनात आले. गायनवृंदाने एकमेकांकडे पाहिले. पहिली ओळ दोघातिघांना येत होती, पुढे कोणालाच येत नव्हते. शेवटी कॅसेट लावून दुसरेच गीत वाजवले. ज्या माणसाने गावाला गायला शिकवले, त्याला गावाने कॅसेटवर निरोप दिला. वेदीवर उभे असताना आम्हाला आमचे शब्द ऐकू येत होते: “मास्तर, सोमवारी या.”

यात दोष कोणा दुसऱ्याचा नव्हता. तो आमचा होता. तेव्हापासून जुन्या शाळेचा विषय निघाला की आम्ही गप्प होत असू, आणि लोकांना वाटे, फादर विचार करीत आहेत.

यंदा त्या गप्प बसण्याला एक निमित्त मिळाले. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात गायन शिकते. तिचे वडील एका कारखान्यात नोकरीला, आई घरी शिकवण्या घेते. दोघेही साधी, भाविक माणसे. मुलीच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली होती, पण मनाला घोर होता. एके दिवशी मिस्सेनंतर आई म्हणाली, “फादर, तुम्ही बडोद्याला लग्नासाठी जाणारच आहात, तर एकदा बघून या ना. गाण्याचं कॉलेज म्हणजे नेमकं काय असतं? पोरीचं पुढं काय होईल?” आम्ही हो म्हणालो, आणि लग्न आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सूरसागर तलावाच्या काठी गेलो.

ठाण्याच्या माणसाला सूरसागर पाहिला की मासुंदा तलाव आठवल्यावाचून राहत नाही. तसाच गावाच्या मध्यभागी असलेला, तसाच चारी बाजूंनी रहदारीने वेढलेला. सूरसागराच्या मधोमध शंकराची भव्य मूर्ती उभी आहे. काठावर विद्यापीठाच्या प्रयोगकला विभागाची जुनी वास्तू आहे. बडोदेकर तिला अजूनही ‘म्युझिक कॉलेज’ म्हणतात. आपल्या मासुंद्याच्या परिसरात संत योहान बाप्तिस्ता यांचे देऊळ आणि शाळा आहे, आणि तलावाकाठी १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन आहे. ठाण्यात शाळा एकीकडे आणि रंगमंच दुसरीकडे. बडोद्यात मात्र दोन्ही एकाच छपराखाली नांदतात, आणि या नांदण्याला सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

तो इतिहास आपण महाराष्ट्रीयांनी माहीत करून घ्यावा असा आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका शेतकरी घरातील मुलगा १८७५ साली दत्तक गेला आणि बडोद्याच्या गादीवर सयाजीराव गायकवाड म्हणून बसला. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा प्रयोग त्यांनी १८९३ साली अमरेली भागात केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याआधीच, १८८६ साली, त्यांनी संगीताची शाळा काढली होती, हे तितकेसे ठाऊक नसते. तिचे नाव ‘गायनशाळा’.

आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. परंतु त्या काळी गाणे म्हणजे दरबाराची वस्तू होती. बडोद्यात गवई, वादक, नर्तकी या सर्वांचे एक सरकारी खातेच होते, त्याला ‘कलावंत कारखाना’ म्हणत. विद्या उस्तादाच्या घरात असे. उस्तादाची मर्जी झाली तर ती शिष्याला मिळे, नाही तर उस्तादाबरोबर जाई. अशा दिवसांत सामान्य घरच्या मुलांनी पाटी-दप्तरासारखे गाणेही शाळेत शिकावे, ही कल्पना धाडसाची होती. ती राबवण्याचे काम महाराजांनी मौलाबक्ष यांच्यावर सोपवले. मौलाबक्ष उत्तरेकडचे; पण म्हैसूरच्या दरबारात मान मिळवलेले आणि कर्नाटक संगीताचाही अभ्यास केलेले. त्यांनी स्वर कागदावर उतरवण्यासाठी एक लिपी तयार केली आणि तिच्या आधाराने शाळेसाठी पुस्तके काढली. जे गळ्यात होते ते वहीत आले. १८९६ साली मौलाबक्ष वारले, पण शाळा त्यांच्याबरोबर गेली नाही. त्यांचे नातू इनायतखान याच वातावरणात वाढले, या शाळेत त्यांनी शिकवलेही, आणि १९१० साली ते पाश्चात्य देशांत गेले. सूफी विचार तिकडे नेणारे म्हणून जग त्यांना ओळखते.

पुढे १९१६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, ती बडोद्यासच. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाजखाँ बडोद्याचे दरबारगायक होते. उस्ताद अब्दुल करीमखाँ काही काळ याच दरबारी होते, आणि त्यांची कन्या हिराबाई हिने तर ‘बडोदेकर’ हे आडनावच महाराष्ट्राच्या घराघरांत पोचवले. महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब तंजावरच्या. त्यांच्याबरोबर तंजावरचे नृत्य बडोद्यास आले, आणि त्या परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे विद्यापीठात भरतनाट्यम शिकवले.

संस्थाने गेली. दरबार गेले. हत्ती, चोपदार, कलावंत कारखाना, सारे गेले. १९४९ साली महाराजांच्या नावाने विद्यापीठ स्थापन झाले, श्रीमती हंसा मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या आणि जुन्या गायनशाळेचा वारसा विद्यापीठाच्या छत्राखाली आला. गायनाबरोबर नृत्य आले, नाट्य आले. पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ साली निघाले आणि मुंबई विद्यापीठात नाट्यशिक्षणाचा स्वतंत्र विभाग २००३ साली निघाला, हे ध्यानात घेतले म्हणजे बडोद्याचे पाऊल किती आधीचे होते ते कळते.

त्या मुलीने आम्हाला आवार दाखवले. एका खोलीतून तबल्याचे बोल येत होते, दुसऱ्या खोलीत कोणी तरी एकच तान पुन्हापुन्हा घोटत होते. दाराबाहेर चपलांची रांग. “फादर, आज संध्याकाळी आमच्या वर्गाचं सादरीकरण आहे, थांबाल ना?” तिने विचारले. आम्ही थांबलो. सकाळी ज्या मुलाची तान चुकत होती, तोच मुलगा संध्याकाळी मंचावर बसला. तान पुन्हा थोडी चुकली. समोर बसलेल्या त्याच्या गुरूंनी मांडीवर हलकेच ताल धरला, मुलाने त्यांच्याकडे पाहिले, आणि तो समेवर आला. टाळ्या फार नव्हत्या, पण आम्ही जे शोधत होतो ते आम्हाला तेथे सापडले.

येथे मंच आणि वर्ग एकमेकांपासून तुटलेले नाहीत. सकाळी शिकलेले संध्याकाळी मांडायचे, आणि संध्याकाळी चुकलेले दुसऱ्या सकाळी पुन्हा घोटायचे. म्हणून राजा गेला तरी शाळा राहिली, शाळेचे कॉलेज झाले, कॉलेजचा विद्यापीठात विभाग झाला, तरी दाराबाहेरची चपलांची रांग मोडली नाही. जुन्या वास्तूला दगड-चुना जितका सांभाळतो, त्याहून अधिक तिच्यात रोज येणारा विद्यार्थी सांभाळतो. आम्ही त्या लहान धर्मग्रामात भिंत पाडली ही आमची खरी चूक नव्हती. खोलीचे सभागृह झाले यातही पाप नव्हते. शनिवारचा वर्ग बंद पडला आणि आम्हाला त्याचे काही वाटले नाही, ही चूक होती.

परतीच्या गाडीत मनात आले की, ही गोष्ट शिकायला आम्हाला बडोद्याला जावे लागले हेच नवल. आपल्या ख्रिस्तसभेत शाळा आणि गाणे कधी वेगळे होते? रायतूरच्या येशूसंघी फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले ते ओवीछंदात. सुमारे अकरा हजार ओव्या, त्या मनात वाचून मिटून ठेवण्यासाठी नव्हेत. देवळांतून त्या लोकांसमोर गाइल्या-वाचल्या जात. इंग्लंडात जन्मलेल्या या माणसाने आधी आपली भाषा शिकली, मग तिच्यात गायले. गोव्याच्या धर्मग्रामांतील शाळांत मुले अक्षरांबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकत, आणि त्याच मुलांच्या पुढच्या पिढ्यांनी मुंबईचे वाद्यवृंद भरले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटसंगीतात जे काम केले, त्याची मुळे त्या गावशाळांतून पोसलेली आहेत. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे असे सांगितले. सेमिनरीत आम्ही त्यावर निबंध लिहून चांगले गुणही मिळवले होते. आणि तीच परंपरा कपाटात ठेवून आमच्या दारी आली तेव्हा आम्ही तिला सोमवारी यायला सांगितले.

मुलीच्या आईवडिलांना आम्ही आल्या आल्या भेटलो. वडिलांनी थेट विचारले, “फादर, पोट भरेल का तिचं?” आम्ही म्हणालो, “ते आम्हाला सांगता येणार नाही. पण शाळा खरी आहे. तिथं चुकलेल्याला पुन्हा शिकवतात.” ते थोडा वेळ थांबले, मग म्हणाले, “मग ठीक आहे.” आईच्या चेहऱ्यावरचा घोर सगळा गेला असे नाही, पण पुढच्या रविवारी तिने मुलीला पाठवायच्या खाऊच्या डब्यावर आमच्याकडून आशीर्वाद मागून घेतला.

त्यानंतरच्या सभेत आम्ही प्रथमच बोललो. मास्तरांची गोष्ट सांगितली. सभा बराच वेळ शांत होती. मग आम्ही म्हणालो की, रंगमंच हवा असेल तर तो करू या, पण आधी वर्ग. वर्ग नसेल तर रंगमंचही नको. एका खोलीत शनिवारी-रविवारी गायनाचा वर्ग चालावा, दुसरीच्या टोकाला लहानसा लाकडी मंच असावा, आणि वर्गातल्या मुलांनी महिन्यातून एकदा तेथे धर्मग्रामासमोर गावे. शाळा पाडायची नाही, छपराची दुरुस्ती करायची.

खजिनदारांनी कागद पुढे केला. हॉलचे भाडे किती आले असते, छपराला किती लागेल, दोन्हींतील अंतर किती. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता; तो आजही चुकीचा नाही. ते म्हणाले, “फादर, देवळाची भिंत ओल धरते आहे, ती कशातून करायची?” याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो की, भिंतीसाठी आम्ही घरोघर फिरू. पण वर्ग एकदा मोडला तर त्यासाठी कोणत्याही घरी जाऊन तो परत आणता येत नाही, हे आम्ही पाहिले आहे. मतदान झाले आणि ठराव थोड्या मतांनी संमत झाला. विरोधात मत दिलेल्या खजिनदारांनीच दुसऱ्या दिवशी कौलांचा दर काढून आणला, हे येथे मुद्दाम लिहून ठेवतो.

गव्हाणीचे सामान आता देवळाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले आहे. पहिल्या शनिवारी सहा वाजता रुळाच्या तुकड्यावर लोखंडी दांडा वाजला तेव्हा सात मुले आणि दोन आजीबाई आल्या. आजीबाईंना वाटले, रोझरी आहे. त्यांना बसवून घेतले. त्यांतील एकीला लहानपणी शाळेत शिकलेले मरियामातेचे एक गीत येत होते. ते तिने म्हणून दाखवले, आणि शिकवणाऱ्या तरुणाने ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करण्याआधी वहीत स्वरांसकट उतरवले. वही आता कपाटात नाही, खिडकीत उघडी ठेवलेली असते. मुले येता-जाता तिच्यात पाहतात. सुट्टीत बडोद्याहून ती मुलगी आली की एक तास शिकवते. भिंतीची ओल अजून आहे, आणि आम्ही घरोघर फिरतो आहोत.

मास्तरांची चाल मात्र मिळाली नाही. त्या जुन्या धर्मग्रामात आम्ही दोनदा जाऊन आलो. ज्यांना पहिली ओळ येत होती त्यांतील एकजण आता नाही, दुसऱ्याला ती आठवत नाही. परमेश्वर क्षमा करतो यावर आमचा विश्वास आहे, दर शनिवारी पापनिवेदनाला बसून तेच आम्ही लोकांना सांगतो. पण क्षमा मिळाली म्हणून गेलेली चाल परत येत नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातही कोठे तरी अशी एखादी कुलूपबंद खोली असेल, आणि शनिवारी येऊ पाहणारा एखादा म्हातारा मास्तर असेल. खोलीचे पुढे काय करायचे ते सावकाश ठरवा. मास्तरांना मात्र सोमवारी या म्हणू नका.